दुष्काळी टोमॅटोची परीक्षा भिजलेल्या वाफ्यात नको

टोमॅटोचे एखादे वाण 'पाण्याचा ताण सोसणारे' आहे असे कुणी सांगितले, की लगेच चार गोष्टी विचाराव्यात. पाणी किती कमी केले होते? कोणत्या अवस्थेत? किती दिवस? आणि त्यानंतर विकण्याजोगे फळ किती किलो निघाले? या चारांची उत्तरे मिळत नसतील तर त्या विशेषणावर विसंबून लागवड करणे धोक्याचे आहे. आमचे ठाम मत असे आहे की ताण सोसणाऱ्या टोमॅटोची निवड ताण दिलेल्या शेतातच झाली पाहिजे, ती सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे आणि तिचे आकडे सर्वांसाठी खुले असले पाहिजेत. आज अडते आहे ते इथे. उपयोगी जनुकांचा साठा निसर्गात भरपूर आहे.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. लागवडीनंतर ९० ते १२० दिवस उभ्या राहणाऱ्या टोमॅटोला हवामानानुसार साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे अनेक वर्षे वापरात असलेले आकडे सांगतात. पाण्याची तूट कोणत्या अवस्थेत किती महाग पडते, याचे गुणांकही तिने दिले आहेत. शाकीय वाढीत ०.४, फुलोऱ्यात १.१, फळ पोसताना ०.८ आणि पिकताना पुन्हा ०.४. म्हणजे पिकाच्या पाणीवापरात १० टक्के तूट आली तर शाकीय वाढीच्या काळात उत्पादन सुमारे ४ टक्के घटते, आणि तेवढीच तूट फुलोऱ्यात आली तर ११ टक्के. तरीही ताण सोसण्याचे कितीतरी प्रयोग चार-पाच पानांच्या रोपांवर केले जातात, कारण रोपे लहान असतात, जागा कमी लागते आणि निकाल महिन्याभरात हाती येतो. जिथे ताण सर्वांत कमी नुकसान करतो त्या अवस्थेत परीक्षा घ्यायची आणि निकाल मात्र पूर्ण पिकाला लावायचा, ही चूक इतकी रुळली आहे की आता ती चूक वाटेनाशी झाली आहे.

फुलोऱ्यातला ताण महाग का पडतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. पाणी कमी पडले की झाड पर्णरंध्रे मिटते. त्यामुळे पाणी वाचते, पण बाष्पीभवनाने पानांना मिळणारा थंडावाही जातो आणि झाड आजूबाजूच्या हवेपेक्षा तापू लागते. टोमॅटोचे परागकण उष्णतेला नाजूक. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर टिकले की परागकण कमी आणि निकृष्ट होतात, कुक्षी पुंकेसरांच्या शंकूबाहेर लांबते, स्वपरागीभवन चुकते आणि फुले गळतात. म्हणून पर्णरंध्रे झटकन मिटून घेणारे वाण कुंडीत 'दुष्काळ सोसणारे' ठरते आणि शेतात तेच वाण फुलगळीने रिकामे राहते.

कुंडीचा प्रश्न तर याहून मोठा आहे. दहा लिटरच्या कुंडीत पाणी तोडले की दोन-तीन दिवसांत माती कोरडी होते. शेतात तीच अवस्था यायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात मुळे खाली जातात, पेशी विद्राव्य पदार्थ साठवून स्वतःला जुळवून घेतात. कुंडीत हे काहीच घडू शकत नाही. शिवाय कुंडीत सर्वांत जास्त दिवस हिरवे राहते ते झाड बहुधा सर्वांत लहान असते. त्याची पाने कमी, म्हणून त्याचे पाणी उशिरा संपते. दहा दिवस पाणी न देता जे तगले ते निवडले, असे म्हणताना आपण नकळत खुजे झाड निवडत असतो.

जगणे आणि पिकणे यांतली गफलत आकडेमोडीतही शिरते. समजा एक वाण पूर्ण पाण्यावर हेक्टरी ८० टन देते आणि निम्म्या पाण्यावर ४०. दुसरे पूर्ण पाण्यावर ४० आणि निम्म्यावर २८. घट टक्क्यांत पाहिली तर पहिल्याची ५० टक्के, दुसऱ्याची ३०. घटीवर आधारलेला निर्देशांक वापरणारा अभ्यासक दुसऱ्याला अधिक सहिष्णू ठरवेल. शेतकऱ्याच्या क्रेटमध्ये मात्र त्याच कोरड्या हंगामात पहिल्या वाणाचे १२ टन जास्त असतील. दोन्ही परिस्थितींतील उत्पादनांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले तर पहिल्याचे ५६.६ येते आणि दुसऱ्याचे ३३.५. हा गुणोत्तरी मध्य काही परिपूर्ण माप नाही, पण तो मुळात कमी पिकणाऱ्या वाणाला केवळ त्याची घट कमी म्हणून डोक्यावर घेत नाही. घट किती हे सांगावेच, पण ताणातले प्रत्यक्ष उत्पादन आधी सांगावे.

कोरड्या काळातून पीक पार पडण्याचे तीन मार्ग आहेत: निसटणे, टाळणे आणि सोसणे. लवकर फुलून लवकर आटोपणारे वाण ताण वाढण्याआधीच निसटते. खोल मुळांचे, जाड मेणचट पानांचे वाण ताण टाळते. आतले पाणी घटले तरी पेशींचे काम चालू ठेवणारे वाण ताण सोसते. तिन्ही उपयोगाचे आहेत, पण कोणता दुष्काळ यावर निवड ठरते. हंगामाच्या शेवटी पाणी संपणार असेल तर निसटणारे वाण उत्तम. पाळ्या लांबत असतील, मधेच पंधरा दिवस पाणी नसेल, तर लवकर येणारे वाण नेमके फुलोऱ्यात सापडते आणि त्याला सावरायला वेळ उरत नाही. चाचणीत लवकर आणि उशिरा येणारी वाणे एकत्र लावून एकाच तारखेला पाणी तोडले, तर आपण मोजतो ती केवळ लवकर येण्याची सवय. त्यासाठी वाणांचे फुलोऱ्याच्या दिवसांनुसार गट करावे लागतात, किंवा प्रत्येक गटाचा ताण त्याच्या पहिल्या घोसाच्या फुलोऱ्यापासून सुरू करावा लागतो.

विश्वासार्ह चाचणी कशी असावी, याबद्दल मोघम बोलून चालणार नाही. पूर्ण पाण्याचा आणि ताणाचा असे दोन शेजारी खंड घ्यावेत. पूर्ण पाणी म्हणजे पिकाची रोजची बाष्पोत्सर्जनाची गरज शंभर टक्के भागवणे, आणि ताण म्हणजे त्याच्या निम्मे. रोपे रुजेपर्यंत, म्हणजे दोन ते तीन आठवडे, दोन्हीकडे सारखेच पाणी. ही समानता नसेल तर पुढे मोजला जातो तो रोपे मेल्याचा खाडा. दोन्ही खंडांच्या मध्ये किमान दोन मीटर पट्टा आणि कडेला राखीव ओळी ठेवाव्यात, नाहीतर ओलावा बाजूने झिरपतो आणि कडेची झाडे चोरून पाणी पितात. ठिबकच्या नळीवर अनेक ठिकाणी पेले ठेवून पाण्याचा प्रवाह मोजावा. तोट्यांमध्ये १० टक्क्यांहून अधिक फरक असेल तर वाणांतला फरक आणि तोट्यांतला फरक वेगळा काढता येत नाही. मातीतला ओलावा १५, ३० आणि ६० सेंटीमीटर खोलीवर नोंदवावा. वाफशाच्या वेळी मुळांच्या थरात जे उपलब्ध पाणी असते त्यातले सुमारे ४० टक्के संपले की टोमॅटोला ताण जाणवू लागतो. ही रेघ ओलांडल्याची नोंद नसेल तर ताण पडला असे म्हणायला आधारच नाही.

ताणाच्या खंडात पुनरावृत्ती (तेच वाण वेगवेगळ्या जागी पुन्हा लावणे) जास्त लागतात, निदान चार. कोरड्या जमिनीत मातीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक मुरमाड ठिगळ उत्पादनात उतरते आणि वाणाचा खरा गुण त्या गोंधळात बुडतो. ओळखीचे तुलना-वाण दर आठ-दहा ओळींनी पुन्हा लावावे, म्हणजे जमिनीचा चढउतार वजा करता येतो. आणि पाऊस? एक चांगली सर महिन्याची मेहनत वाया घालवते. त्यामुळे चाचणी कोरड्या हंगामात किंवा सरकत्या छपराखाली, आणि किमान दोन वर्षे.

मोजायचे काय, हे तितकेच महत्त्वाचे. एकूण वजन पुरेसे नाही. पाणी अनियमित झाले की फळाचे बूड काळे पडते, कारण कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहते आणि पानांच्या तुलनेत फळाकडे हा प्रवाह मुळातच कमी असतो. ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की फळे तडकतात. पाने कमी झाली की उन्हाने फळे भाजतात. म्हणून दर तोड्याला चांगली फळे, बूड काळी पडलेली, तडकलेली आणि उन्हाने भाजलेली अशी चार वजने वेगळी लिहावीत. इथे एक अडचण कबूल केली पाहिजे. या पद्धतीने निवड केली की हळूहळू लहान आणि गोल फळांची वाणे वर येतात, कारण मोठी आणि लांबट फळे बूड काळे पडण्याला जास्त बळी पडतात. मोठे फळ हवे असेल तर ते ध्येय सुरुवातीलाच लिहून ठेवावे लागते. नाहीतर पाच पिढ्यांनंतर हाती येते ते खंबीर पण कुणी न मागितलेले वाण.

एक स्वस्त साधन मात्र फार दुर्लक्षित आहे. भर दुपारी, निरभ्र आकाशात, अवरक्त तापमापीने झाडाच्या पानोऱ्याचे तापमान घ्यावे. ताणाच्या खंडात जे झाड शेजाऱ्यांपेक्षा थंड आहे त्याच्या मुळांना कुठून तरी पाणी मिळते आहे. जमीन न खणता मुळांबद्दल एवढी माहिती दुसरे काही देत नाही. टोमॅटोची मुळे दीड मीटरपर्यंत जाऊ शकतात, पण ट्रेमधल्या रोपाचे सोटमूळ बहुधा तुटते किंवा वळते आणि वरच्या थरातच जाळे तयार होते. त्यामुळे थेट बी पेरून केलेल्या चाचणीतली खोल मुळांची वाणे ट्रेमधून लावल्यावर आपला फायदा गमावू शकतात. ज्या पद्धतीने शेतकरी लागवड करतो त्याच पद्धतीने चाचणी घ्यावी, असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी.

आता जनुकांकडे. लागवडीतल्या टोमॅटोची जनुकीय विविधता अगदी तुटपुंजी आहे, तिचा मोठा भाग अँडीजमधून मेक्सिकोमार्गे जगभर होताना मागेच राहिला. त्याचे रानटी भाऊबंद मात्र श्रीमंत आहेत. पेरूच्या कोरड्या किनारपट्टीवरचा सोलॅनम पेनेली, अटाकामाच्या कडेला खोल मुळांवर तगणारा सोलॅनम चिलेन्से, आणि सहज संकर होणारा बारीक लाल फळांचा सोलॅनम पिंपिनेलिफोलियम. चार्ल्स रिक यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा नमुन्यांची जपणूक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील, त्यांच्याच नावाच्या केंद्रात होते.

संकराचे काम हाताला सोपे आहे, पण दिशा चुकली तर फळ धरत नाही. मादी म्हणून लागवडीतला टोमॅटो घ्यावा, कारण पेनेलीच्या कुक्षीवर लागवडीतल्या टोमॅटोचा पराग नाकारला जातो. उमलण्याच्या आदल्या दिवशीची, पाकळ्या फिकट पिवळ्या झालेली पण मिटलेली कळी निवडावी. बारीक चिमट्याने पुंकेसरांचा शंकू अलगद काढावा, स्त्रीकेसराला धक्का लागू देऊ नये. नर म्हणून घेतलेल्या झाडाच्या पूर्ण उमललेल्या फुलाचा ताजा पराग कुक्षीवर लावावा, ओळख म्हणून दोन निदले कापावीत आणि चिठ्ठी बांधावी. चिलेन्सेबरोबर बहुधा एवढ्याने भागत नाही, अपुरे वाढलेले भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावे लागतात.

खरी कसोटी पुढे लागते. पहिल्या पिढीत रानटी वाटा ५० टक्के. लागवडीतल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर केला की तो सरासरीने २५, १२.५, ६.२५ असा अर्धा अर्धा होत जातो. बारीक हिरवी फळे आणि चिकट पाने घालवण्यासाठी हे लागतेच. पण हे सगळे पाट, म्हणजे लागवडीतल्या वाणाशी केलेल्या संकराच्या फेऱ्या, भरपूर पाण्याच्या शेडमध्ये उरकले आणि ताणाची चाचणी शेवटी घेतली, तर ताणात उपयोगी पडणारे तुकडे कधी गळाले हे कुणालाच कळत नाही. रोगप्रतिकारासाठी एका जनुकाचा मागोवा मार्करने, म्हणजे डीएनएतल्या खुणेने, घेता येतो. दुष्काळाचे काम अनेक जनुकांनी मिळून होते. म्हणून दुसऱ्या पाटानंतरच कुटुंबवार ताणाची चाचणी घ्यायला हवी. झाडांची संख्याही आधी मोजावी. तीन अप्रभावी जनुके (दोन्ही प्रती असल्या तरच गुण दाखवणारी) एकाच झाडात हवी असतील तर दुसऱ्या पिढीत ६४ पैकी एकच झाड तसे मिळते, आणि ते मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे १९० झाडे लावावी लागतात. पन्नास झाडांवर काम भागवून 'गुण मिळाला नाही' असे लिहिणे हा जनुकांवर अन्याय आहे.

हे शक्य आहे याचा पुरावा आहे. हिब्रू विद्यापीठातील अमित गुर आणि दानी झमीर यांनी २००४ मध्ये पेनेलीतले उत्पादन वाढवणारे तीन स्वतंत्र जनुकखंड एकत्र आणले. त्यांपासून केलेल्या संकरित वाणांनी तुलनेच्या आघाडीच्या व्यापारी वाणापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक उत्पादन दिले, आणि तेही भरपूर पाण्याच्या तसेच केवळ १० टक्के सिंचनाच्या अशा दोन्ही शेतांत. त्यांनी कोमेजलेली पाने मोजली नाहीत, फळांचे वजन मोजले. मायोर्कातला 'रामायेत' किंवा व्हेसुव्हियसच्या उतारावरचा 'पिएन्नोलो' ही टिकाऊ फळांची पारंपरिक वाणेही हेच सांगतात. अल्प पाण्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या बी राखले गेले आणि निवड आपोआप योग्य जागी झाली.

मग एका जनुकाच्या संपादनाने काम होईल का? संपादनाला आमचा विरोध नाही, ते उपयोगी अवजार आहे. पण एका जनुकाने पर्णरंध्रांचे वर्तन बदलले की प्रकाशसंश्लेषण, पानोऱ्याचे तापमान आणि फलधारणा तिन्ही हलतात. त्यामुळे संपादित वाणालाही वरचीच परीक्षा द्यावी लागेल. त्यापेक्षा लवकर फळ देईल अशी वाट कलमाची आहे. रानटी रक्ताचा खुंट खाली, मागणीतले वाण वर. मुळांचा गुण मिळतो आणि फळाच्या आकाराशी तडजोड करावी लागत नाही. सारख्या जाडीची रोपे तिरपी कापून क्लिपने जोडावीत, एक-दोन दिवस अंधारात आणि नंतर मंद उजेडात, २५ ते २८ अंश तापमान व ९० टक्क्यांवर आर्द्रता राखून आठवडाभरात कलम धरते. आर्द्रता एकदम उतरवली की कलमाचा वरचा भाग सुकतो, बहुतेक कलमे तिथेच मरतात. रोपाचा खर्च मात्र वाढतो आणि हे सर्वांना परवडणारे नाही.

इथे सार्वजनिक प्रश्न उभा राहतो. वाणाच्या नोंदणीसाठी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य तपासले जाते. युरोपीय संघात भाजीपाल्याच्या वाणांना शेतातील उपयुक्ततेची चाचणी सक्तीची नाही. ताणातले उत्पादन सिद्ध करण्याची गरज नसेल, तर खासगी कंपनी त्यावर दोन वर्षे आणि दुप्पट जमीन का खर्च करील? तिचे गिऱ्हाईक बहुतांशी ठिबक आणि विद्राव्य खते परवडणारे असते, आणि तिने त्यांच्यासाठी निवड करणे स्वाभाविक आहे. पाणी तुटपुंजे असलेल्यांसाठी निवड करणे हे म्हणूनच सार्वजनिक संस्थांचे काम ठरते. रानटी बियांच्या देवाणघेवाणीतही गाठ आहे. २००१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या ६४ पिकांच्या सामाईक यादीत टोमॅटो ठेवला गेला नाही. परिणामी नव्या नमुन्यांसाठी मूळ देशांशी स्वतंत्र करार करावे लागतात. टोमॅटो त्या यादीत यावा आणि विक्रीतला ठरावीक वाटा पेरू, चिली, इक्वेडोर यांसारख्या मूळ देशांकडे जावा, असे आम्हाला वाटते.

आच्छादन आणि ठिबक आधी करा, वाण नंतर, असा आक्षेप घेतला जातो. तो बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि तातडीचे पाणी त्यातूनच वाचते. पण आच्छादनाखालीही पाणी संपते, आणि तेव्हा वाणाचाच आधार असतो. ताणासाठी निवडलेले वाण भरल्या पाण्यात मागे पडेल, ही भीतीही काही वाणांबाबत खरी आहे. दोन्ही खंडांची चाचणी मागतो ती त्यासाठीच. खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यावर उत्तर असे, की शेकडो वाणांची चाचणी नको. पूर्ण पाण्यावर निवडून आलेली शेवटची पंधरा-वीस वाणे आणि पाटांमधली निवडक कुटुंबे एवढ्यांनाच ताण द्यावा. आणि नापास वाणांचे आकडेही प्रसिद्ध करावेत, म्हणजे दुसऱ्या संस्थेला तोच खर्च पुन्हा करावा लागणार नाही.

तोवर वाण निवडणाऱ्याने शेतातच पडताळा घेता येईल. ताशी ४ लिटरची तोटी असलेल्या नळीशेजारी दोन मीटर अंतर सोडून ताशी २ लिटरच्या तोटीची नळी टाकावी. दोन्ही तेवढाच वेळ चालवल्या की दुसऱ्या ओळीला निम्मे पाणी जाते. रोपे रुजेपर्यंत दुसरी नळी दुप्पट वेळ चालवावी. प्रत्येक वाणाची २० झाडे दोन्हीकडे, नेहमीच्या वाणासह, शेताच्या दोन-तीन भागांत. खते दोन्हीकडे सारखी मिळावीत म्हणून ती नळीतून न सोडता झाडाशी मोजून द्यावीत. दर तोड्याला विकण्याजोगी फळे वेगळी तोलून वहीत लिहावीत आणि सलग दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवूनच पुढचे बियाणे मागवावे.